नॉयर दाखवायचा तर आधी काळोख नीट करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या संध्याकाळी जुने एकपडदा चित्रपटगृह भाड्याने घ्यावे आणि तिथे १९४० व १९५०च्या दशकांतले कृष्णधवल गुन्हेपट, म्हणजे फिल्म नॉयर, दाखवावेत ही कल्पना नाशिकच्या चित्रपटप्रेमींत अधूनमधून निघते. विजयानंद, मधुकर, सर्कल ही नावे ज्या गावात अजून जिव्हाळ्याने घेतली जातात, तिथे ती निघणारच. असे खेळ व्हावेत, असे आम्हाला मनापासून वाटते. पण आयोजनाचा सगळा वेळ पोस्टर, पाहुणे आणि सजावटीत जातो आणि प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काय चालले आहे हे खेळाच्या दिवशी दुपारी आठवते. उजळ, रंगीत चित्रपट थोडेफार सदोष प्रोजेक्शन सोसतो. नॉयरमध्ये अनेकदा पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग काळा असतो, आणि तो राखाडी दिसला की चित्रपट हातचा गेला. म्हणून मालक, ऑपरेटर आणि आयोजक यांच्या उपयोगाच्या काही गोष्टी इथे लिहीत आहोत.

आधी चौकट. या काळातले बहुतेक चित्रपट १.३७:१ या प्रमाणात, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद, आहेत. पडद्याची उंची १६ फूट धरली तर चित्राची रुंदी सुमारे २२ फूट होते. स्कोप या सर्वांत रुंद चौकटीसाठी, म्हणजे २.३९:१ साठी बांधलेला पडदा त्याच उंचीला ३८ फूट रुंद असतो. म्हणजे मधे २२ फुटांचे चित्र आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट मोकळा पडदा. ही मोकळी जागा कोणाच्या तरी डोळ्यांत खुपते आणि 'जरा मोठे करा' अशी सूचना केबिनमध्ये येते. चित्र ताणून आजच्या नेहमीच्या रुंद चौकटीएवढे, म्हणजे १.८५:१ केले की माणसे पस्तीस टक्के रुंद होतात. ताणण्याऐवजी झूम केले तर उंचीचा सुमारे २६ टक्के भाग वरून-खालून कापला जातो. टोपीची कड, छतावरचा दिवा आणि फरशीवर लांबत गेलेली सावली आधी जाते. छायालेखकाने चित्र रचले ते याच गोष्टींवर. तेव्हा दोन्ही सूचनांना ठाम नकार द्यावा.

डीसीपीमध्ये, म्हणजे चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीत, हे चित्र बहुधा 'फ्लॅट', म्हणजे १.८५:१ च्या, चौकटीत येते. २के फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल. त्यातल्या मधल्या १४८० बाय १०८० भागात चित्र असते आणि बाजूच्या पट्ट्या काळ्या असतात. पण प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो. त्यातून थोडा प्रकाश झिरपतोच आणि त्या पट्ट्या राखाडी दिसतात. चित्रातला काळोख त्या राखाडीशेजारी आणखी फिका वाटतो. उपाय जुनाच आहे: मास्किंग, म्हणजे पडद्याचा मोकळा भाग काळ्या कापडाने झाकणे. मोटरवरचे काळे पडदे आत सरकत असतील तर ते १.३७ पर्यंत येतात का हे आधी पाहावे. अनेक ठिकाणी ते १.८५ पाशीच अडतात, कारण त्यापुढचा लिमिट स्विच, म्हणजे पडदा ठरल्या जागी थांबवणारा स्विच, कधी लावलेलाच नसतो. पडदे चालत नसतील तर एका संध्याकाळपुरते दोन लाकडी चौकटींवर कापड ताणून काम भागते. वरच्या हिशेबाने एका बाजूला १६ बाय ८ फूट झाकायचे आहेत. ४४ इंच पन्ना असलेल्या कापडाच्या साडेसोळा फुटांच्या तीन पट्ट्या जोडाव्या लागतात, म्हणजे एका बाजूला साधारण १६ मीटर, दोन्ही मिळून ३२. कापड मंद, न चमकणारे हवे. सॅटिन किंवा पॉलिएस्टरचे काळे कापड प्रोजेक्टरचा उजेड परत फेकते आणि कडा चकाकतात. चित्रपटगृहात टांगायचे कापड अग्निरोधक प्रक्रिया केलेलेच असले पाहिजे, यात कसर नको. केबिन उंच असेल तर चित्राच्या उभ्या कडा किंचित कलत्या पडतात. त्या प्रोजेक्टरच्या सेटिंगमधून सरळ करू नयेत, मास्किंगने दोन-तीन इंच आत झाकाव्यात.

सगळेच नॉयर १.३७ नाहीत. १९५३ पासून अमेरिकेतले स्टुडिओ रुंद चौकटीकडे वळले. ऑर्सन वेल्सचा १९५८चा 'टच ऑफ ईव्हिल' १.८५ मध्ये दाखवायचा आहे. त्या वर्षांतल्या चित्रपटांची चौकट वितरकाकडून लेखी मागवावी. आपल्याकडे हा प्रश्न सोपा आहे, कारण भारतातला पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्त यांचा १९५९चा 'कागज के फूल'.

आता काळोख. पहिली चाचणी दिवसा, बाहेर कडक ऊन असताना करावी. सगळे दिवे बंद करून सभागृहात दहा मिनिटे बसावे, मगच डोळ्यांना उजेडाची गळती दिसू लागते. एक्झॉस्ट पंख्यांची भोके, बाल्कनीच्या दारांच्या फटी, कॅन्टीनकडचा झुलता दरवाजा आणि केबिनच्या दुसऱ्या खिडकीतून येणारा ट्यूबलाइट ही गळतीची नेहमीची ठिकाणे आहेत. दारांना आतून दुहेरी काळा पडदा लावावा, दोन थरांत चार फूट अंतर ठेवून, म्हणजे उशिरा येणारा माणूस एक पडदा सोडेपर्यंत दुसरा उघडत नाही. अर्थात वाट अडणार नाही, दार पूर्ण उघडेल असाच. बाहेर जाण्याच्या मार्गाचे दिवे आणि पायऱ्यांचे दिवे मालवू नयेत, झाकूही नयेत, कारण तो सुरक्षेचा नियम आहे. मात्र त्यांचा उजेड पडद्याकडे जात असेल तर पडद्याच्या बाजूने पत्र्याची छोटी आडोशाची पट्टी बसवता येते. फलक वाचता आला पाहिजे आणि पडद्यावर डाग पडता कामा नये, एवढे साधावे.

दुसरी चाचणी चित्र लावून. संपूर्ण काळी फ्रेम लावा, मग प्रोजेक्टरचे शटर बंद करा. दोहोंत जो फरक दिसतो तो यंत्राचा दोष, आणि तो फारसा कमी होणार नाही. मग काळ्या फ्रेमच्या मधोमध पांढरा चौकोन लावून पडद्याकडे न बघता भिंतींकडे आणि छताकडे बघा. भिंती क्रीम रंगाच्या असतील, पडद्यालगत पितळी नक्षी किंवा चकचकीत ऑइलपेंट असेल तर तिथून उजेड उसळून परत पडद्यावर येतो. कागदावर प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट २०००:१ असला तरी अशा सभागृहात एकाच फ्रेममधला काळ्या-पांढऱ्यातला फरक त्याच्या कितीतरी खाली येतो. पडद्याजवळच्या पहिल्या दहा-बारा फुटांतल्या भिंती काळ्या कापडाने झाकल्या तरी फरक लगेच कळतो. पुढच्या दोन रांगांच्या खुर्च्यांवर फिक्या रंगाचे कव्हर असेल तर तेही काढावे.

लेन्स आणि केबिनची काच यांवर बोट फिरवून पाहू नका, टॉर्च तिरपा धरून पाहा. धुळीचा थर असेल तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय दिसते. रंगीत चित्रपटात ते लपते, रस्त्यावरच्या एकाकी दिव्याभोवती मात्र लपत नाही. काचेवर परावर्तन रोखणारा थर असेल तर अमोनियाचा घरगुती क्लीनर चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे मऊ कापड घ्यावे, द्रव कापडावर घ्यावा, काचेवर फवारू नये. थ्रीडीसाठी बसवलेला पोलरायझर लेन्ससमोर राहिला असेल तर तो बाजूला करावा. एरवी निम्म्याहून अधिक उजेड तिथेच अडतो. पडदाच थ्रीडीचा चंदेरी असेल तर मधल्या भागात झगझगाट आणि कोपऱ्यांत अंधार पडतो. तो दोष सेटिंगने जात नाही. अशा ठिकाणी नॉयर न केलेलेच बरे.

उजेडाचे प्रमाण पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ कँडेला प्रति चौरस मीटर, असे ठरलेले आहे. आयुष्य संपत आलेला झेनॉन दिवा आठ-नऊवर येतो. मग ऑपरेटर गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा, चढवतो आणि काळे भाग दुधाळ होतात. असे करण्यापेक्षा दिवा बदलावा, किंवा लेन्सवर झूम कमी करून चित्र थोडे लहान करावे. चित्र लहान केले की तोच उजेड कमी जागेत पडतो. कृष्णधवलमध्ये आणखी एक दोष उघडा पडतो. प्रोजेक्टरच्या तीन चिप एकमेकींवर नीट जुळलेल्या नसतील तर पांढऱ्या अक्षरांना लाल-निळी कड येते. पांढऱ्या रेषांची जाळी लावून हे दोन मिनिटांत तपासता येते, दुरुस्तीला मात्र तंत्रज्ञ लागतो. म्हणून ही तपासणी आठवडाभर आधी व्हावी.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे एक उदाहरण देतो. बिली वाइल्डर यांच्या १९४४च्या 'डबल इंडेम्निटी'मध्ये छायालेखक जॉन साइट्झ यांनी बंद घरातली शिळी हवा दिसावी म्हणून चित्रीकरणाच्या आधी हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली. खिडकीच्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हात ती तरंगताना दिसते. काळा रंग एक पायरी जरी वर सरकला तरी ही धूळ नाहीशी होते आणि उरते ती फक्त एक मळकट खोली. चाचणीसाठी हाच प्रसंग लावावा. दुसरा प्रसंग जोसेफ लुइस यांच्या १९५५च्या 'द बिग कॉम्बो'चा शेवट, जॉन ऑल्टन यांनी धुक्यात आणि जवळजवळ एकाच दिव्यावर टिपलेला. आकृत्यांच्या कडा तुटक दिसल्या किंवा धुक्यात पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसले तर फाइल वाईट आहे, यंत्राला दोष देऊ नका.

आवाजाकडे वळू. हे चित्रपट मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचे आहेत, फिल्मच्या कडेला छापलेल्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीवरचे. डीसीपीत हा आवाज पडद्यामागच्या मधल्या स्पीकरवरून येतो. ब्ल्यू-रेवरून दाखवले तर तोच आवाज डाव्या आणि उजव्या स्पीकरला जातो आणि बाजूला बसलेल्याला संवाद भिंतीतून येत असल्यासारखे वाटते. ध्वनिप्रोसेसरमध्ये तो मधल्या चॅनलला वळवावा, सराउंड पूर्ण बंद करावा. मधल्या स्पीकरचा हॉर्न, म्हणजे वरचे स्वर देणारा कर्णा, खरोखर वाजतो आहे ना, हे पडद्याजवळ कान लावून ऐकावे. आजकालच्या दणदणाटी ध्वनीत तो बंद पडलेला महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय त्या काळातल्या चित्रपटगृहांची ध्वनियंत्रणा वरचे स्वर मुद्दाम दाबत असे: ५ किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबल, ८ किलोहर्ट्झला सुमारे १८. ध्वनिमिश्रण हे गृहीत धरूनच होई. पुनर्संस्कारित प्रतीत बहुधा ही काळजी घेतलेली असते. साध्या प्रतीत आवाज किरकिरा लागतो, 'स'कार टोचतो. मग वरचे स्वर हलके कमी करावेत. कॅरल रीड यांच्या 'द थर्ड मॅन'मधले अँटन कारास यांचे झिथर हे तंतुवाद्य हा यासाठी चांगला मापदंड आहे: तारा कानाला ओरखडू लागल्या की समजावे, स्वर चढा आहे.

प्रत कशाची, हा प्रश्न लवकर सोडवावा. काही जुन्या चित्रपटगृहांत सॅटेलाइटवरून चित्रपट घेणारी यंत्रणा आहे, तिच्यावर बाहेरून आलेला डीसीपी चालेलच असे नाही. यंत्राचे मॉडेल विचारून वितरकाला कळवावे. कुलूपबंद डीसीपीला केडीएम ही किल्ली लागते. ती त्या एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या तासांपुरती असते. ती खेळाच्या वेळेपासून सुरू झाली तर चाचणी घेताच येत नाही. आदल्या दिवशी सकाळपासून चालणारी किल्ली मागा. शंभरेक मिनिटांचा डीसीपी सहज शंभर जीबीच्या वर जातो; जुन्या यूएसबी पोर्टवरून तो सर्व्हरवर चढवायला कित्येक तास लागतात. ब्ल्यू-रेच वापरायचा असेल तर प्लेअर २४ फ्रेमवर ठेवावा, ६० हर्ट्झवर नाही. नाहीतर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळते.

३५ मिमीची प्रत मिळाली तर भाग्यच, पण तिची तयारी वेगळी. मिनिटाला ९० फूट या हिशेबाने १०७ मिनिटांचा 'डबल इंडेम्निटी' साडेनऊ हजार फुटांच्या वर जातो, म्हणजे दोन हजारी पाच रिळे. १.३७ची गेट प्लेट, म्हणजे यंत्रातली चित्राची चौकट ठरवणारी पट्टी, असली तरी पुरत नाही, लेन्सही वेगळी लागते. १.८५ साठी ५० मिमीची लेन्स असेल तर पडद्याची उंची तीच ठेवून १.३७ साठी साधारण ६७ मिमीची हवी. ती नसेल तर चित्र वर-खाली सांडते. रिळे आधी हाताने गुंडाळून प्रत्येक जोड आणि फाटलेली भोके तपासावीत. दोन यंत्रांवर आलटून पालटून रिळे लावून खेळ असेल तर दुसरे यंत्र सुरू करण्यासाठी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात येणारी पहिली खूण रीळ संपण्याच्या आठेक सेकंद आधी येते आणि दुसरी शेवटच्या सेकंदाला. अंधाऱ्या प्रसंगात खूण हुकते, तेव्हा केबिनमध्ये दुसरा माणूस हवाच.

सबटायटल मराठीत केली तर फारच छान. पण डीसीपीमध्ये देवनागरी मजकूर फॉन्टसह दिला तर अनेक सर्व्हर जोडाक्षरे फोडून दाखवतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. ओळी चित्ररूपाने, पीएनजी स्वरूपात द्याव्यात. दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत चाळीसच्या आत अक्षरे, आणि रंग पूर्ण पांढरा न ठेवता किंचित राखाडी. काळ्या चित्रावर शुभ्र ओळ उमटली की डोळे तिच्याकडेच जातात आणि भोवतीची सावली वाचता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. नसेल तर महोत्सव किंवा सभासदांपुरत्या खेळासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, तिला वेळ लागतो. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. तो संपला तरी चांगली प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी करार करावाच लागतो. भारतीय चित्रपटांसाठी पहिली विचारणा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे करावी. एडगर उल्मर यांचा १९४५चा 'डिटूर' अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा आहे म्हणून फुकटची फाइल लावण्याचा मोह होतो. त्या फाइलींत काळोख नसतोच, सगळे राखाडी. २०१८मध्ये अकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी त्याची नवी ४के प्रत तयार केली आहे, ती मागवावी. तंबाखूविरोधी आरोग्यसूचना जुन्या चित्रपटांनाही लागू आहे. ती फीत उजळ आणि मोठ्या आवाजाची असते. तिचा आवाज वेगळा ठेवावा आणि तिच्यानंतर अर्धा मिनिट पूर्ण अंधार द्यावा.

निवड करताना पहिल्या संध्याकाळी दोन अमेरिकन चित्रपट पुरेत. सव्वासहाला दहा मिनिटांची ओळख, ६.२५ला 'डिटूर' (६८ मिनिटे), ७.३३ ते ७.५५ मोकळा वेळ, मग 'डबल इंडेम्निटी', ९.४२ला समाप्त. सिटीलिंकने किंवा दुचाकीने नाशिकरोड-सिडकोकडे परतणाऱ्यांना ही वेळ सोयीची आहे. या चित्रपटांत मध्यंतर नाही आणि ते घुसडू नये. कॅन्टीनवाल्यांचे नुकसान होऊ नये म्हणूनच दोन चित्रपटांमधली ती बावीस मिनिटे. दुसऱ्या संध्याकाळी राज खोसला यांचा १९५६चा 'सी.आय.डी.' आणि राजा परांजपे यांचा १९६४चा 'पाठलाग' एकत्र लावता येतील. 'पाठलाग'वरून पुढे खोसला यांनीच 'मेरा साया' केला, हा धागा प्रेक्षकांना आवडेल. 'पाठलाग'ला नॉयर म्हणावे का यावर वाद होईल, तो जरूर व्हावा. 'सी.आय.डी.'चे छायालेखक व्ही. के. मूर्ती हे फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायालेखक. फाळक्यांनी जिथे आपली चित्रपट कंपनी चालवली त्या गावात मूर्तींचे काम फिक्या काळ्यात दाखवले जाऊ नये, एवढा आग्रह आम्ही धरणारच.

आसनव्यवस्थेचाही विचार व्हावा. २२ फुटी चित्राला बाल्कनीची मागची रांग फार लांब पडते. स्टॉलमधल्या पडद्यापासून ३५ ते ४५ फुटांवरच्या मधल्या रांगा आधी विकाव्यात, कडेच्या खुर्च्या बंद ठेवाव्यात. दीडशे माणसे जवळ-जवळ बसलेली असली की आवाजही नीट लागतो. वीज गेली तर सर्व्हर पुन्हा उभा राहायला बरीच मिनिटे लागतात. जनरेटर असला तरी सर्व्हरला स्वतंत्र यूपीएस द्यावा.

चित्रपटगृहांच्या मालकांना विनंती, की भाड्यातच चाचणीचे तीन तास धरावेत आणि त्या वेळेचा ऑपरेटरचा मेहनताना आयोजकांनी वेगळा द्यावा. आणि आपल्याला विनंती, की अशा खेळांची बातमी किंवा निवेदन छापताना आयोजकांकडून पाच गोष्टी मागून घ्याव्यात: चित्रपटाचे वर्ष, नेमकी लांबी, प्रत डीसीपी आहे की ब्ल्यू-रे की ३५ मिमी, सबटायटलची भाषा, आणि मध्यंतर कुठे आहे. ही माहिती छापायची आहे असे कळले की आयोजकांना केबिनमध्ये जाऊन विचारावेच लागेल.

आपले,
प्रोजेक्शन आणि चित्रपट मंडळांच्या कामातील काही जण,
नाशिक